पदवी हवी, अधिकार हवा आणि रजाही हवी

दरवर्षी १२ मे उजाडला की आपल्या रुग्णालयांतून परिचारिकांचा गौरव होतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीला हार घातला जातो, मेणबत्त्या पेटविल्या जातात, एखादे मंत्रिमहोदय किंवा अधिष्ठाता 'सेवाभावा'वर बोलतात. समारंभ आटोपला की त्याच परिचारिका पुन्हा त्याच कक्षात जातात, जिथे खाटा भरून रुग्ण जमिनीवर गाद्या टाकून झोपलेले असतात आणि पाळीवर माणसे मोजकीच असतात. या गौरवाच्या भाषेत एक शब्द सहसा येत नाही. तो शब्द म्हणजे ज्ञान. परिचारिका दयाळू आहे, सोशिक आहे, रात्रंदिवस राबते, हे सारे सांगितले जाते. ती जाणती आहे आणि तिच्या जाणतेपणावर रुग्णाचे प्राण अवलंबून असतात, हे मात्र कोणी सांगत नाही. कारण जाणत्या माणसाला अधिकार द्यावा लागतो. दयाळू माणसाला हार पुरतो.

अलीकडे या क्षेत्रात एक नवी भाषा ऐकू येऊ लागली आहे. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे परिचर्येतील नेतृत्व या विषयाची पदव्युत्तर पदवी ऑनलाइन, म्हणजे घरबसल्या, देऊ लागली आहेत. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ साली बी.एस्सी.चा अभ्यासक्रम बदलला, तेव्हा 'व्यवस्थापन व नेतृत्व' हा विषय त्यात आवर्जून घातला. एम.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात तर अध्यापनशास्त्र, संशोधन आणि व्यवस्थापन हे विषय पूर्वीपासून आहेत. करोनाच्या साथीत मार्च २०२० नंतर महाविद्यालये बंद झाली आणि परिचर्येचे वर्गही दूरध्वनीच्या पडद्यावर भरू लागले. साहजिकच प्रश्न विचारला जातो की, हे उच्च शिक्षण अशाच मार्गाने सर्वांपर्यंत का नेऊ नये?

या प्रश्नाला 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देऊन चालणार नाही. आमचे मत प्रारंभीच स्पष्ट करतो. परिचारिकांचे पदव्युत्तर शिक्षण हा चैनीचा विषय नाही, तो रुग्णाच्या जीवाचा विषय आहे. ऑनलाइन अध्यापनाला आमचा तत्त्वतः विरोध नाही. परंतु पाळीवर राबणाऱ्या बाईला अभ्यासासाठी रजा नाकारण्याची सबब म्हणून ते वापरले जाणार असेल, तर त्याला विरोध केलाच पाहिजे.

दिव्यामागची बाई

नाइटिंगेलची हातात दिवा घेतलेली मूर्ती जगभर पुजली गेली. पण तिच्या हातातील दुसरी वस्तू जाणीवपूर्वक विसरली गेली. ती वस्तू म्हणजे आकडेवारीचा कागद. क्रिमियाच्या युद्धात सैनिक शत्रूच्या गोळ्यांपेक्षा रुग्णालयातील घाणीने आणि साथींनी अधिक मेले, हे तिने आकडे मांडून आणि आकृत्या काढून ब्रिटिश सरकारच्या गळी उतरविले. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाची परिचर्या-शाळा निघाली. हिंदुस्थानात ती कधीच आली नाही, तरी येथील फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाच्या १८६३च्या अहवालामागे तिचा मोठा हात होता. म्हणजे आधुनिक परिचर्येची सुरुवातच मुळी अशा बाईपासून झाली, जी सरकारी खात्यांशी पुरावा घेऊन भांडत होती. नेतृत्व ते हेच. पुढच्या काळाने तिचा कागद काढून घेतला आणि हातात केवळ दिवा ठेवला.

उच्च शिक्षणाची कल्पनाही आजची नव्हे. न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात १८९९ साली परिचारिकांसाठी रुग्णालय-व्यवस्थेचा अभ्यासक्रम सुरू झाला. ज्यांना पुढे रुग्णालयांच्या प्रमुख परिचारिका व्हायचे होते किंवा परिचर्या शिकवायची होती, त्यांच्यासाठी तो होता. १९०७ साली अ‍ॅडलेड नटिंग तेथे परिचर्येच्या प्राध्यापिका झाल्या. जगात या विषयाच्या त्या पहिल्या प्राध्यापिका. नेतृत्व आणि अध्यापन या दोन गोष्टी सव्वाशे वर्षांपूर्वी एकाच अभ्यासक्रमात गुंफल्या गेल्या, त्या योगायोगाने नव्हे. जी शिकवू शकते तीच कक्षाला वळण लावू शकते, हा अनुभव त्यामागे होता.

आपल्या देशात परिस्थिती वेगळी होती. रक्त, पू, मलमूत्र यांना स्पर्श करणारे काम जातिव्यवस्थेने हीन ठरविले आणि परक्या पुरुषाच्या देहाची शुश्रूषा करणारी स्त्री संशयास्पद मानली. १८९७च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रोग्यांच्या शुश्रूषेत उतरल्या आणि त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. शिक्षिका आणि शुश्रूषा करणारी ही दोन्ही कामे त्यांनी एकाच आयुष्यात केली. पण समाजाने त्यांपैकी दुसऱ्या कामाला मान दिला नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने आपला अहवाल दिला, तेव्हा देशात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असे प्रमाण होते. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी-शिक्षण सुरू झाले. पुढे १९५९च्या सुमारास दिल्लीत पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय काढले. याचा अर्थ असा की, परिचारिकेला विद्यापीठात स्थान हवे हे या देशाने पाऊणशे वर्षांपूर्वीच तत्त्वतः मान्य केले आहे. प्रश्न आहे तो व्यवहाराचा.

शिक्षणाने प्राण वाचतात

'खाटेपाशी उभ्या राहणाऱ्या बाईला एवढ्या पदव्या कशाला?' असे विचारणारे आपल्या अवतीभवती पुष्कळ आहेत. काही आपल्या चळवळीतही आहेत. त्यांनी एक अभ्यास विचारात घ्यावा. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१४ साली लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९ युरोपीय देशांतील ३०० रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या ४ लाख २२ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. निष्कर्ष असा निघाला की, परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण वाढला की रुग्णालयात दाखल झाल्यापासून ३० दिवसांच्या आत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. आणि रुग्णालयात पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले की ती शक्यता ७ टक्क्यांनी घटते.

हे दोन निष्कर्ष एकत्र वाचले पाहिजेत, कारण ते तोडून वाचण्यात अनेकांचा स्वार्थ आहे. 'पदवीधर आणा, संख्या कमी चालेल' असे मालक म्हणतील. 'आधी संख्या भरा, शिक्षणाचे नंतर पाहू' असे आपले काही मित्र म्हणतील. तो अभ्यास सांगतो की, दोन्ही हवे. एकटी परिचारिका पंचवीस-तीस रुग्ण सांभाळत असेल, तर तिच्या पदवीचा रुग्णाला उपयोग होण्यासाठी तिला वेळच मिळत नाही. आणि पुरेशी माणसे असूनही, बिघडू लागलेल्या रुग्णाची पहिली लक्षणे ओळखण्याचे शिक्षण नसेल, तर नुसती उपस्थिती अपुरी पडते. डॉक्टर दिवसातून एक-दोन फेऱ्या मारतो. उरलेले तास रुग्णावर नजर असते ती परिचारिकेची. श्वासाची गती वाढली, लघवी कमी झाली, बोलण्यात गोंधळ आला, हे आधी तिलाच दिसते. दिसलेल्या गोष्टीचा अर्थ लावणे हे ज्ञान आहे आणि 'डॉक्टर, आत्ताच या' असे ठामपणे म्हणता येणे हा अधिकार आहे.

या ज्ञानाची साक्ष आपल्या मुंबईतच आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर कामाच्या ठिकाणीच अमानुष हल्ला झाला आणि त्या कायमच्या जाणीव हरपून अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत सुमारे ४२ वर्षे तेथील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. एवढ्या दीर्घ काळात त्यांना शय्याव्रण होऊ दिले नाही, याची दखल घेतली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११च्या निकालात या परिचारिकांची प्रशंसा केली. याला केवळ माया म्हणणे हा त्या कामाचा अपमान आहे. कूस किती तासांनी पालटावी, अन्न कसे भरवावे, त्वचेचा रंग पाहून कशी सावधगिरी घ्यावी, याचे ते शास्त्र आहे. अशा अनुभवाची शिस्तशीर नोंद व्हावी, तो तपासला जावा आणि पुढच्या पिढीला शिकविला जावा, यालाच पदव्युत्तर शिक्षण म्हणतात.

शिडी कोठे जाते?

मग आज घडते काय? शासकीय रुग्णालयातील अधिपरिचारिका अनुभवाने परिसेविका होते, नशीब असेल तर सहायक अधिसेविका आणि निवृत्तीच्या तोंडावर अधिसेविका होते. ही वाढ ज्येष्ठतेने होते. पदव्युत्तर शिक्षणाशी तिचा फारसा संबंध नाही. जी बाई खटपट करून एम.एस्सी. होते, तिला कक्षात तिच्या ज्ञानाला साजेसे पद सहसा नसते. म्हणून ती महाविद्यालयात शिकवायला जाते किंवा परदेशी जाते. परिणामी जिला शास्त्र माहीत आहे ती खाटेपासून दूर आणि जी खाटेपाशी आहे तिला शास्त्राचे दार बंद, अशी फाळणी झाली आहे. पुस्तकात एक आणि कक्षात दुसरेच, हा अनुभव प्रत्येक विद्यार्थिनीला पहिल्याच वर्षी येतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने अध्यापन आणि प्रत्यक्ष सेवा यांची सांगड घालण्याची पद्धत रुजविली; शिकविणाऱ्यांनी कक्षाचीही जबाबदारी घ्यायची, असे तिचे सूत्र आहे. ते सूत्र सार्वजनिक रुग्णालयांनी उचलले असते, तर ही फाळणी एवढी रुंद झाली नसती.

खाजगी क्षेत्रातील चित्र अधिक विदारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये आदेश दिल्यावर केंद्राने जगदीश प्रसाद समिती नेमली. समितीने सांगितले की, २०० खाटांहून मोठ्या खाजगी रुग्णालयांनी राज्य शासनाच्या परिचारिकेइतके वेतन द्यावे आणि ५० खाटांहून लहान रुग्णालयांतही ते २०,००० रुपयांहून कमी नसावे. केरळातील परिचारिकांनी संघटना बांधून, संप करून २०१८ साली किमान वेतनाची अधिसूचना पदरात पाडून घेतली. ज्या राज्यांत संघटना दुबळी आहे, तेथे शिफारस कागदावर राहिली. आपल्या राज्यात २०२२च्या मे महिन्याच्या अखेरीस शासकीय परिचारिका कंत्राटी भरतीच्या विरोधात संपावर गेल्या होत्या, याची आठवण कार्यकर्त्यांना असेलच. जिची नोकरी अकरा महिन्यांची, तिला दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे स्वप्न कसे पडावे? कंत्राटी पद्धतीत वेतन जाते हे आपण ओरडून सांगतो. तिच्यात शिक्षणही जाते, हे आपण पुरेसे सांगितलेले नाही.

ऑनलाइनचे दोन चेहरे

या पार्श्वभूमीवर ऑनलाइन शिक्षणाकडे पाहिले पाहिजे. त्याचा एक चेहरा उजळ आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या ग्रामीण रुग्णालयात काम करणारी, घरी लहान मूल असलेली परिचारिका दोन वर्षे मुंबई-पुण्याला जाऊन राहू शकत नाही. तिच्यासाठी दूरस्थ शिक्षण हे एकमेव उघडे दार असते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९४ साली सेवेतील परिचारिकांसाठी पदवी अभ्यासक्रम सुरू केला तो याच विचाराने. त्यात घरच्या अभ्यासाला रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाची जोड होती. नाशिकला १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद मिरविते. साथ आली तेव्हा केंद्र सरकारला एप्रिल २०२० मध्ये लाखो आरोग्य कर्मचाऱ्यांना ऑनलाइन प्रशिक्षण देण्याची व्यवस्था उभी करता आली. संख्याशास्त्र, संशोधन-पद्धती, कायदा, अंदाजपत्रक, मनुष्यबळाचे नियोजन हे नेतृत्वाच्या अभ्यासक्रमातील विषय असे आहेत की, चांगली शिक्षिका ते दुरूनही उत्तम शिकवू शकते. शिवाय वेगवेगळ्या जिल्ह्यांतील परिचारिका एका वर्गात बोलू लागल्या की, आपले दुःख एकटीचे नाही हे त्यांना कळते, ही काही लहान गोष्ट नव्हे.

दुसरा चेहरा काळवंडलेला आहे. शिरा शोधण्याचे कसब, जखम धुण्याचा हात, मरणासन्न माणसाच्या नातेवाइकांशी बोलण्याचा धीर, नवख्या परिचारिकेची चूक सर्वांदेखत न अपमानता सुधारण्याची हातोटी, या गोष्टी पडद्यावर येत नाहीत. नेतृत्वही अखेर कक्षातच शिकावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या २०२०च्या नियमांत परिचर्येसारखे व्यावसायिक अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीस सर्वसाधारणपणे वर्ज्य ठरविले, त्यामागची भीती रास्त आहे. पण बंदी घालून प्रश्न सुटत नाही. सेवेतील परिचारिकेसाठी दुसरे कोणते दार उघडले, याचे उत्तर त्या नियमांत नाही.

शिवाय बाजार टपून बसलेला आहे. परिचर्येची पदवी ही परदेशगमनाची परवानगी झाल्यावर तिचा व्यापार होणे अटळ होते. मध्य प्रदेशात नर्सिंग महाविद्यालयांची चौकशी उच्च न्यायालयाला केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवावी लागली आणि मे २०२४ मध्ये त्या चौकशीतील अधिकाऱ्यांनाच लाचखोरीच्या आरोपावरून अटक झाली. अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये फ्लॉरिडातील शाळांनी ७,६०० हून अधिक बनावट परिचर्या-पदविका विकल्याचे प्रकरण उघडकीस आले. जेथे इमारत, खाटा आणि हजेरीपट असूनही अशी लूट होते, तेथे पडद्यावरच्या महाविद्यालयावर देखरेख कोण ठेवणार? अध्यापिकेच्या श्रमाचाही येथे विचार केला पाहिजे. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हा परिचर्या-शिक्षणाचा निकष आहे. व्याख्यान एकदा ध्वनिचित्रमुद्रित झाले की, संस्थाचालक तेच पाचशे जणींना, वर्षामागून वर्षे विकू शकतो आणि व्याख्यान देणारीला घरी बसवू शकतो. गिरणीत नवा माग आला तेव्हा 'यंत्र कोणाच्या मालकीचे?' हा प्रश्न आपण विचारला होता. तोच प्रश्न आज मुद्रित व्याख्यानाबाबत विचारला पाहिजे.

पण आम्हांला सर्वांत गंभीर वाटणारा धोका याहून निराळा आहे. पाळी करून आलेली बाई घरी स्वयंपाक, मुले, वृद्ध सासू-सासरे सांभाळते; ही तिची दुसरी पाळी. ऑनलाइन अभ्यास तिच्या झोपेतून कापून घेतला जाईल. ती होईल तिसरी पाळी. 'अभ्यास घरूनच आहे, मग रजा कशाला?' असे प्रशासन म्हणेल. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण घरांपैकी जेमतेम १५ टक्के आणि शहरी घरांपैकी ४२ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. त्यानंतर दूरध्वनी हातोहाती पोचले, हे खरे. परंतु हातात दूरध्वनी असणे म्हणजे अभ्यासाला निवांत कोपरा असणे नव्हे. रात्रपाळीनंतर जागत बसून परीक्षा देणारी परिचारिका दुसऱ्या रात्री औषधाची मात्रा मोजते, तेव्हा तिच्या थकव्याची किंमत रुग्ण मोजतो. ज्या शिक्षणाने रुग्णाचे प्राण वाचायचे, तेच अशा रीतीने त्याच्या जीवावर उठू शकते.

नेतृत्व कोणाचे, कशासाठी?

'नेतृत्व' या शब्दाबद्दलही आपण सावध असले पाहिजे. व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत नेतृत्व म्हणजे कमी माणसांत अधिक काम करवून घेण्याची कला. ते शिकण्यासाठी परिचारिकेला पदवी नको. मुकादमाची नोकरी पुरे. आपल्याला अभिप्रेत आहे ते वेगळे. कॅलिफोर्नियात परिचारिकांच्या संघटनेने दीर्घ लढा देऊन १९९९ साली असा कायदा करवून घेतला की, एका परिचारिकेमागे किती रुग्ण असावेत हे कायद्याने ठरेल. २००४ पासून तो अमलात आला. पुढचा टप्पा लांबणीवर टाकण्याचा गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी प्रयत्न केला, तेव्हा परिचारिका रस्त्यावर आणि न्यायालयात दोन्हीकडे लढल्या आणि तो बेत उधळला गेला. त्या लढ्याला बळ आले ते आकड्यांचे आणि शास्त्रीय पुराव्याचे. हातात पुन्हा एकदा नाइटिंगेलचा कागद होता. पण या वेळी तो एका बाईच्या हाती नव्हता, संघटनेच्या हाती होता.

आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा की, अध्यापन-रुग्णालयातील सर्वसाधारण कक्षात तीन रुग्णांमागे आणि अन्य रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. कोणत्याही शासकीय रुग्णालयाच्या कक्षात रात्री जाऊन डोकी मोजावीत म्हणजे या निकषाचे काय झाले ते कळेल. हा निकष अमलात आणावयास कोण लावणार? आरोग्यसेवेतील निर्णयाच्या खुर्च्या कोणाकडे आहेत ते पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दाखवून दिले की, आरोग्यक्षेत्रातील मनुष्यबळात स्त्रिया सुमारे ७० टक्के आहेत. पण वरिष्ठ पदांवर त्या केवळ २५ टक्के. सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चाधिकार समितीने परिचर्या-व्यवसायाच्या स्थितीचा अहवाल १९८९ साली दिला. तीन दशकांहून अधिक काळ लोटला. २०२३ साली संसदेने १९४७च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसेवा आयोगाचा कायदा संमत केला. आयोग कागदावर कितीही चांगला असो. त्यावर बसणाऱ्या परिचारिका कक्षातून आलेल्या, शिकलेल्या आणि आपल्या सहकाऱ्यांना उत्तरदायी असलेल्या नसतील, तर तो आणखी एक परवाना-कार्यालय ठरेल. पदव्युत्तर शिक्षण हवे ते यासाठी. ते मूठभर बायांना कक्षातून वर उचलणारी शिडी ठरू नये. संपूर्ण कक्षाला बोलते करणारे साधन ठरावे.

आपण काय मागावे?

पहिली मागणी सवेतन अभ्यासरजेची. तिच्या जागी काम करण्यासाठी रजा-राखीव पदे निकषाप्रमाणे भरली गेली, तरच ती रजा खरी. एरवी एकीच्या अभ्यासाचा बोजा दुसरीच्या पाळीवर पडेल आणि मैत्रिणीच वैरिणी होतील.

दुसरी मागणी सार्वजनिक अभ्यासक्रमाची. नाशिकमध्ये १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, मुक्त विद्यापीठही तेथेच आहे. एकाकडे आरोग्यशिक्षणाचा अधिकार, दुसऱ्याकडे दूरस्थ अध्यापनाचा अनुभव. दोघांनी मिळून सेवेतील परिचारिकांसाठी असा अभ्यासक्रम आखावा की, सैद्धांतिक भाग ऑनलाइन आणि प्रत्यक्ष कामाचा भाग जिल्हा रुग्णालयांत, देखरेखीखाली होईल. त्यासाठी नियम बदलावे लागले तर ते बदलून घ्यावेत. शुल्क नाममात्र असावे आणि अभ्याससाहित्य मराठीतही असावे. इंग्रजीच्या भिंतीवर डोके आपटून हुशार मुली माघारी फिरतात, हे आपण किती दिवस पाहणार?

तिसरी मागणी पदांची. एम.एस्सी. झालेल्या परिचारिकेसाठी कक्षातच तज्ज्ञ-परिचारिकेचे पद आणि योग्य वेतनश्रेणी असावी. पाठ्यनिर्देशिका आणि कक्षातील परिसेविका यांच्या कामाची सांगड घालावी. चौथी मागणी अधिकाराची. राज्यात परिचर्येचे स्वतंत्र संचालनालय, त्याच्या प्रमुखपदी परिचारिका आणि प्रत्येक रुग्णालयाच्या मनुष्यबळ व खरेदी समितीत परिचारिकांच्या निर्वाचित प्रतिनिधी असाव्यात. आणि पाचवी मागणी सर्वांत खालच्या पायरीची. उपकेंद्रातील आरोग्यसेविकेलाही अधिपरिचारिका आणि पुढे पदवीधर होण्याचा मार्ग खुला असला पाहिजे. नाहीतर उच्च शिक्षण हे आधीच वर असलेल्यांचेच राहील.

आता दोन शब्द आपल्याविषयी. परिचारिकांचा संप झाला की आपण पाठिंब्याची पत्रके काढतो, मोर्चात चार पावले चालतो. वेतन, भत्ते, बदल्या यांवर बोलतो. त्यांच्या अभ्यासाविषयी आपण कधी विचारले आहे काय? प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी या महिन्यात आपल्या जवळच्या सार्वजनिक रुग्णालयात जावे आणि तेथील सिस्टर व ब्रदर यांना चार साधे प्रश्न विचारावेत. काल रात्री तुमच्या पाळीत किती रुग्ण होते? गेल्या पाच वर्षांत तुमच्यापैकी किती जणांना अभ्यासरजा मिळाली? किती जणांनी ती मागितलीच नाही आणि का? शिकायला मिळाले तर काय शिकाल? उत्तरे लिहून आणावीत, मोजावीत आणि जिल्हा परिषदेच्या व महापालिकेच्या सभागृहात, विधिमंडळात आपल्या प्रतिनिधींनी ती मांडावीत. हा लढा पुराव्यानेच लढता येईल.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तर जपून लिहावे. वर्षानुवर्षे आज्ञा ऐकण्याची सवय लावलेल्या माणसाला, 'तुला काय शिकायचे आहे?' असे कोणी विचारतच नाही. तो प्रश्न आपण विचारू, तेव्हा कदाचित बराच वेळ उत्तर येणार नाही. कार्यकर्त्याने तेवढा वेळ तेथे बसावे. पाळी बदलण्याची घंटा होईपर्यंत बसावे लागले तरी बसावे.